डॉ. आनंदीबाई जोशी : पदवीमागची माणसं

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी कुणालाच नवं नाही. शाळेत असताना धडा, निबंध किंवा वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण, कशाच्या ना कशाच्या निमित्ताने त्या आपल्याला भेटलेल्या आहेत. पुढे कुणी श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी वाचली, कुणी २०१९ साली आलेला चित्रपट पाहिला. म्हणून स्मरणिकेसाठी मी त्यांचं चरित्र लिहिते असं कळवलं, तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, की त्यांच्याबद्दल आता नवीन काय सांगणार? तिचा प्रश्न रास्त होता.

आपण ही गोष्ट बहुतेक वेळा दोघांची म्हणून ऐकली आहे. एक हट्टी नवरा आणि एक धीराची बायको. पण या गोष्टीत आणखी बरीच माणसं आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बायका आहेत. कुणी न ओळखणाऱ्या मुलीला पत्र लिहिलं, कुणी बंदरावर घ्यायला आली, कुणी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली, कुणी बाजूच्या बाकावर बसली. ही माणसं वजा केली तर कल्याणपासून फिलाडेल्फियापर्यंतचा रस्ता जुळतच नाही. म्हणून आनंदीबाईंचं आयुष्य त्यांच्यासकट सांगते.

कल्याणच्या जोशी घराण्यातल्या या मुलीचा जन्म ३१ मार्च १८६५चा. माहेरचं नाव यमुना. घर एके काळी जमीनजुमल्याचं, पण नंतर ओढगस्तीला लागलेलं. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली. बायकोने शिकलंच पाहिजे, असा गोपाळरावांचा आग्रह होता. त्या काळात नवऱ्याने बायकोला शिकवणं हेच लोकांना विचित्र वाटायचं आणि गोपाळरावांना लोकांची पर्वा नव्हती. त्यांच्या हट्टाला एक दुसरी बाजूही होती. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेल्या त्या लहान मुलीला मार खावा लागे. पुढे मोठी झाल्यावर आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे आणि त्याच वेळी शिक्षणाबद्दलचं त्यांचं ऋणही मान्य केलं आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपण भाषणात फक्त दुसरी सांगायचो.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. बाळंतिणीला आणि बाळाला वेळेवर योग्य औषधपाणी मिळालं नाही. त्या काळी पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देणं बायकांना अशक्य वाटे आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हतीच. डॉक्टर व्हायचं हे आनंदीबाईंच्या मनाने इथे घेतलं. इथून पुढे शिक्षण हा गोपाळरावांचा हट्ट राहिला नाही, तो त्यांचा स्वतःचा झाला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या तसं बिऱ्हाड फिरलं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि श्रीरामपूर. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, शाळेत जाणारी बाई दिसली की लोक थांबून बघायचे, टोमणे मारायचे. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापूर भागात काम केलेले गृहस्थ होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे आणि आपल्यालाही तिकडे काही काम मिळालं तर हवं आहे, अशी त्यांची मागणी होती. वाइल्डरनी मदतीच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा दाखवली. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं. विषय तिथेच संपायचा, पण वाइल्डरनी हा सगळा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला.

१८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल या गावची एक गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. तिथे पडलेला तो अंक तिने चाळला. तिचं नाव थिओडिशिया कार्पेंटर. ती कुठल्या संस्थेची अध्यक्ष नव्हती, तिच्या हातात कॉलेजच्या जागा नव्हत्या. हिंदुस्थानातली एक मुलगी शिकायचं म्हणते आणि तिच्यापुढे धर्म बदलण्याची अट ठेवली जाते, हे तिला पटलं नाही. तिने घरी जाऊन पत्र लिहिलं. गरज पडली तर माझ्या घरी राहायला ये, असा त्या पत्राचा आशय होता.

पुढची तीन वर्षं ही पत्रं चालू राहिली. सण, जेवण, लग्नाच्या रीती, बायकांचे आजार, धर्म, असं सगळं त्यांत असे. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, तरी आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. कलकत्त्याकडे असताना आनंदीबाईंची प्रकृती सारखी बिघडत होती. डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी धाप लागणं. मावशींनी अमेरिकेतून औषधंही पाठवून पाहिली. याचा अर्थ, आनंदीबाई निघाल्या त्या धडधाकट तब्येतीने निघालेल्या नव्हत्या. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

गोपाळरावांना बरोबर जाणं शक्य नव्हतं, म्हणून आनंदीबाईंनी एकटीने जायचं ठरलं. एकटी बाई समुद्र ओलांडणार म्हटल्यावर गहजब झाला. हिंदू समाजाला धर्म बुडेल ही भीती होती आणि मिशनरी मंडळींना ती ख्रिस्ती होऊनच जावी असं वाटत होतं. तेव्हा १८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षंही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई इंग्रजीत जाहीरपणे बोलल्या. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे शिक्षण इथे राहून का घेता येत नाही, एकटी का जाते आहे, अशा एकेका आक्षेपाचं त्यांनी उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथल्या बायकांसाठी काम करीन, असं वचन त्यांनी दिलं. या भाषणाचा गवगवा झाला आणि देशभरातून मदत येऊ लागली. खुद्द व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये दिले. तरी भाड्याची जुळवाजुळव करताना हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्याच.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. ओळखीच्या मिशनरी स्त्रियांची सोबत होती. जूनच्या सुरुवातीला बोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हा मावशी धक्क्यावर हजर होत्या. त्यांनी आनंदीबाईंना रोझेलला आपल्या घरी नेलं आणि पहिला उन्हाळा घरच्या मुलीसारखं ठेवलं. परक्या देशातले पहिले चार महिने माणूस कुठे आणि कुणाबरोबर काढतो यावर पुढचं किती अवलंबून असतं, हे आपल्यातल्या बाहेरगावी गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता त्या ज्या कॉलेजात गेल्या त्याबद्दल. फिलाडेल्फियातलं हे कॉलेज १८५० साली क्वेकर पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने सुरू झालं. बायकांनाच वैद्यक शिकवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. पुढे त्याचं नाव वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया असं झालं. पुरुषांच्या कॉलेजांत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून हे वेगळं घर बांधावं लागलं. पण नुसत्या वर्गखोल्यांनी डॉक्टर तयार होत नाहीत, त्यांना रुग्णालयात रोगी पाहावे लागतात. १८६९ साली या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या वर्गाला गेल्या तेव्हा तिथल्या मुलग्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. त्या मुली पुन्हा गेल्या. पाठीशी प्राध्यापक उभे होते म्हणून जाऊ शकल्या.

आनंदीबाई आल्या तेव्हा कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. बायका डॉक्टर होतात आणि मग घरी बसतात, हा आक्षेप तेव्हाही होता. बॉडलीबाईंनी त्याला रागाने उत्तर दिलं नाही. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलींना त्यांनी प्रश्नावली पाठवली, त्या काय करतात, किती कमावतात, कुठे काम करतात याची उत्तरं गोळा केली आणि १८८१ साली ती लोकांपुढे मांडली. बहुतेक जणी काम करत होत्या. माजी विद्यार्थिनींशी संबंध टिकवला की नव्या विद्यार्थिनींची बाजू मांडता येते, हे या बाईंना नीट कळलेलं होतं. शिवाय या कॉलेजचा हिंदुस्थानशी धागा आधीच जुळलेला होता. इथून १८६९ साली पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन पुढच्याच वर्षी बरेलीला येऊन बायकांवर उपचार करू लागल्या होत्या. त्यामुळे आनंदीबाईंचा अर्ज आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टर का हवी, हे तिथे कुणाला नव्याने समजावून सांगावं लागलं नाही. अर्ज मान्य झाला, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

१८८३च्या ऑक्टोबरात शिक्षण सुरू झालं. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र, आणि सगळं इंग्रजीतून. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. स्वयंपाक स्वतः करायच्या. राहायला मिळालेल्या खोलीत शेकोटीची सोय धड नव्हती. ती पेटवली की खोलीत धूर कोंडायचा आणि विझवली की फिलाडेल्फियाची थंडी. धूर नाहीतर गारठा, यांतलं एक निवडायचं. दिवसभर वर्ग, मग स्वयंपाक, मग अभ्यास. दीड-दोन वर्षांत ताप आणि खोकला पाठ सोडेनासा झाला.

इथे दोष कुणाला द्यावा? कॉलेजने प्रवेश दिला, पैसे दिले, बॉडलीबाईंनी जातीने लक्ष घातलं. मावशींचं घर सुट्टीत उघडं होतं. तरीही रोजचं जेवण आणि खोलीतली ऊब या दोन गोष्टी निसटल्याच. मोठी मदत जमवताना लहान गरजा दिसत नाहीत, आणि ज्याला गरज आहे तो उपकाराच्या ओझ्याखाली त्या सांगत नाही. मी पंचवीस वर्षांपूर्वी इंजिनीअरिंगला गेले तेव्हापासून आजच्या नोकरीपर्यंत हे पुष्कळदा पाहिलं आहे. मुलीला जागा मिळते, लॅपटॉप मिळतो. जेवताना कुणाच्या टेबलावर बसायचं आणि अडलं तर लाज न वाटता कुणाला विचारायचं, हे कुणी सांगत नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनच्या स्वागत समारंभात काढलेला एक फोटो आज सगळीकडे पाहायला मिळतो. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली. आपापल्या देशांत पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या बायकांमध्ये तिघींची गणना होते. आनंदीबाईंना आपण एकटी म्हणून ओळखतो, पण त्या वर्गात परक्या भाषेत शिकणाऱ्या, परकं अन्न समोर येणाऱ्या आणखी दोघी होत्या. याच कॉलेजातून १८६७ साली रेबेका कोल या कृष्णवर्णीय मुलीने पदवी घेतली होती. अमेरिकेतल्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या त्याच वर्षी ओमाहा या आदिवासी जमातीतली सुझन ला फ्लेश तिथे दाखल झाली. तिच्या शिक्षणाचा खर्च कनेक्टिकटमधल्या एका महिला संघटनेच्या शाखेने उचलला होता. १८८९ साली ती वर्गात पहिली आली आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली पहिली स्त्री डॉक्टर ठरली.

चित्र असं असलं तरी ते फार गोड करून सांगायला नको. तो फोटो कौतुकाचा होता तसा थोडा प्रदर्शनाचाही होता. पूर्वेकडच्या मुली पूर्वेकडच्या कपड्यांत बघायला मिळाव्यात ही हौस त्यात होती. मदत करणाऱ्यांपैकी काहींना आनंदीबाईंचा धर्म बदलावा असं शेवटपर्यंत वाटत राहिलं. आणि कॉलेजचं दार उघडलं म्हणून पुढची दारं उघडत नसत. याच कॉलेजच्या १८७८ सालच्या पदवीधर कॅरोलिन स्टिल अँडरसन यांना बोस्टनच्या एका स्त्री-रुग्णालयाने कृष्णवर्णीय म्हणून आधी नकार दिला होता. त्या स्वतः व्यवस्थापन मंडळापुढे जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा जागा मिळाली. केई ओकामी १८८९ साली पदवी घेऊन जपानला परतल्या आणि टोकियोतल्या रुग्णालयात काम करू लागल्या. पुढे सम्राटाच्या भेटीच्या वेळी, त्या स्त्री आहेत म्हणून, त्यांना समोर येऊ दिलं गेलं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःचा दवाखाना काढला.

आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेतली वैद्यकाची पुस्तकं यांचा त्यांनी एकत्र अभ्यास केला. आपल्याकडचं सगळं टाकून द्यायचं किंवा सगळं डोक्यावर घ्यायचं, असं त्यांनी केलं नाही. दहा दिवसांचं मूल गमावलेली मुलगी बाळंतपणावर प्रबंध लिहीत होती, हेही विसरता येत नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या वेळी त्यांचं वय वीस वर्षं आणि काही महिने होतं. गोपाळराव आधीच्या वर्षी अमेरिकेत येऊन पोहोचले होते. त्यांची जाहीर भाषणं आणि फटकळ वागणं यांमुळे आनंदीबाईंच्या स्नेह्यांना अवघडल्यासारखं होत असे. समारंभाला मावशी होत्या आणि बॉडलीबाईंच्या निमंत्रणावरून इंग्लंडहून खास आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नव्हतं. ज्या वर्षी आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकाची परीक्षा देऊन डॉक्टर झाल्या. म्हणजे दार दोन्हीकडून ढकललं जात होतं.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तेच हे रुग्णालय. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांचं पहिलं पत्र गेलं, त्याच गावात ती पत्राची मुलगी डॉक्टर म्हणून परतणार होती. १८८६च्या अखेरीस त्या मायदेशी पोहोचल्या, पण क्षयाने अंग पोखरलेलं होतं. कोल्हापूरला रुजू होण्याइतकी ताकद उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. एकाही रोग्याला स्वतःच्या दवाखान्यात तपासण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढला तो १८८२ साली, म्हणजे त्या निघाल्या त्याच्या वर्षभर आधी. त्यावर खऱ्या अर्थाने गुण देणारं औषध यायला १९४० नंतरची वर्षं उजाडावी लागली. त्यामुळे ऊबदार खोली आणि दोन वेळचं चांगलं जेवण मिळालं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण त्यांची चार वर्षं कमी कष्टाची झाली असती, एवढं नक्की म्हणता येतं.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. मावशींनी एका परक्या मुलीला घरात घेतलं होतं, ते मरणानंतरही पाळलं. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. पुढे शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं गेलं.

काम न करताच गेलेल्या डॉक्टरचं काय उरलं, असं कुणी विचारेल. उत्तर पुन्हा त्यांच्याभोवतीच्या बायकांकडेच जातं. पदवीदान समारंभासाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना बॉडलीबाईंची, आणि त्यात नुकत्याच गेलेल्या आनंदीबाईंची आठवण आहे. त्या दौऱ्यातून उभ्या राहिलेल्या पैशांवर रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते ११ मार्च १८८९ रोजी. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. त्या शाळेत पहिल्यांदा दाखल झालेल्या बालविधवांमधली गोदूबाई म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

त्याच सुमारास नको असलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८८९ साली डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची त्यांच्या पाठीशी होत्या. रखमाबाई शिकल्या, परत आल्या, सुरत आणि राजकोटला दीर्घकाळ स्त्रियांवर उपचार केले आणि १९५५ सालापर्यंत जगल्या. आनंदीबाईंच्या वाट्याला जे आलं नाही ते रखमाबाईंना मिळालं. दोघींच्या गुणांत फरक होता असं मला वाटत नाही. मधल्या सहा वर्षांत मुंबईत स्त्री-रुग्णालय उभं राहिलं होतं, तिथे स्त्री डॉक्टर काम करत होत्या, पुढे जाणाऱ्या मुलीला वाट सांगणारं कुणीतरी याच देशात होतं.

आणि आपलं सोलापूर? आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत असताना, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभा केला. त्यांच्या नावाची रुग्णालयं देशभर निघाली. आपण ज्या डफरीन चौकातून हजारदा सायकल दामटत गेलो, त्या चौकाला नाव आलं ते याच बाईंच्या नावाच्या रुग्णालयामुळे. आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म तिथला. श्रीरामपूरच्या सभागृहात सतरा वर्षांची मुलगी जी गरज सांगत होती, ती आपल्या गावातही तेवढीच होती. डॉ. कोटणीसांमुळे परदेशी जाऊन जीव झिजवणारा डॉक्टर सोलापूरला चांगला ठाऊक आहे. आनंदीबाईंचा फोटोही त्यांच्या शेजारी लावायला हरकत नाही.

आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली होत्या, कन्नड बोलणाऱ्या होत्या, दखनी बोलणाऱ्या होत्या. पूर्व भागातून येणाऱ्या काहींच्या आया विड्या वळायच्या आणि मुलीही शाळेतून जाऊन त्यांना हात लावायच्या. गणितात त्या आपल्यापेक्षा मागे होत्या असं कुणी शिक्षक म्हणणार नाहीत. दहावीनंतर त्यांतल्या किती जणी विज्ञानाकडे गेल्या, गेलेल्यांतल्या किती टिकल्या, हा प्रश्न मी आकड्यांत सांगू शकत नाही, पण या मेळाव्यात आपण एकमेकींना विचारून सांगू शकतो. बॉडलीबाईंनी प्रश्नावली पाठवून हेच केलं होतं.

आजही आपल्या शाळेतून दरवर्षी मुली पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला शिकायला किंवा नोकरीला जातात. काही पुढे परदेशीही जातात. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा असतो, तो आठ दिवस पुरतो. नवव्या दिवशी काय, हे विचारणारी मावशी त्यांना मिळाली पाहिजे. आपली बॅच आता त्या प्रत्येक शहरात पसरलेली आहे. म्हणून मेळाव्यात जेवणाआधी एक वही फिरवावी अशी माझी सूचना आहे. ज्यांना जमेल त्यांनी आपलं गाव, कामाचं क्षेत्र आणि फोन नंबर लिहावा. ती वही शाळेच्या कार्यालयात राहील. बाहेर पडणाऱ्या मुलीला बाईंनी त्यातलं एक नाव द्यावं आणि नाव दिलेल्या व्यक्तीने तिला पहिल्या रविवारी घरी जेवायला बोलवावं. खोलीत ऊन येतं का, पाणी येतं का, मेसचं जेवण जातं का, कॉलेजात बोलायला कुणी आहे का, एवढं विचारलं तरी पुरे.

थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे सुरुवातीला याहून जास्त काही नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडे वाचलेलं एक पान होतं आणि घरी जाऊन पत्र लिहायची तयारी होती.